कॅस्टीलची आगळ

ओलेटा कॅस्टीलचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

एल्क गॅप या खाणीच्या गावातल्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली एकोणीस वर्षं मागच्या खोलीत, जिथं काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, जुनी कागदपत्रं ठेवलेली असतात. ही बाई दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला यायची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पातेली ढवळून तिचे दंड गड्यासारखे झाले होते. पर्स टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "काय मिस कुमुद, आज तरी काही सापडलं, की नुसतीच धूळ झटकलीत?"

"धूळसुद्धा तुमच्याच घराण्याची आहे, मिस ओलेटा," मी म्हणायची. इथं लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात.

"मग जपून झटका. आमचं तेवढंच उरलंय."

ती हसायची नाही. मीही हसायची नाही. मग ती जुन्या कागदांचे फोटो दाखवणाऱ्या सूक्ष्मफितीच्या यंत्रासमोर बसायची आणि दुपारी दोनला उठायची. जाताना कधी आभार मानले नाहीत. एकदा तर मला म्हणाली, "तुमची माणसं इथली नाहीत, म्हणून बरंय. तुम्हाला कुणाचीच बाजू घ्यावी लागत नाही." मला ते लागलं होतं. इथं माझी दोन मुलं जन्मली, नवरा इथल्या दवाखान्यात खाणकामगारांची छाती तपासत म्हातारा झाला; आता बाजू नाही म्हणजे काय?

ती शोधत काय होती, ते साऱ्या काउंटीला ठाऊक होतं. नदीच्या पुलापाशी, हमरस्त्याच्या कडेला, एक हिरवा लोखंडी फलक होता. वर उठावाची सोनेरी अक्षरं. त्यावर लिहिलं होतं की १७८२ साली कॅप्टन मिकाजा स्टॅलार्डच्या गढीवर रानटी टोळीनं हल्ला केला, पहारेकरी अ‍ॅबसलम कॅस्टील दाराची आगळ न घालता पळून गेला, आणि त्यामुळं सात जीव गेले. एवढंच. हल्ला करणाऱ्या शॉनी आदिवासींचं नाव नाही, मेलेल्या सातांचं नाव नाही. नाव होतं ते दोघांचंच. एक स्टॅलार्ड, एक कॅस्टील.

आणि त्या एका ओळीवर हे गाव जगलं. शाळेत कॅस्टीलच्या पोरानं पट्टी हरवली की, "आगळ घातलीस का रे, कॅस्टील?" मैदानावर चेंडू सुटला की सगळी पायऱ्यांवरची माणसं एका सुरात, "आगळ! आगळ!" न्यायाधीशाच्या निवडणुकीला एक कॅस्टील उभा राहिला, तर विरोधकानं प्रचाराला नुसतं दाराचं चित्र छापलं आणि निवडून आला. ओलेटा तिशीत असताना तिला एकानं मागणी घातली होती. ते मोडलं. का, असं मी एकदा विचारलं.

"त्याच्या आईनं सांगितलं, ही सून आणली तर घराला कड्याकुलपं जास्त लावावी लागतील."

"गमतीनं म्हणाली असेल."

"गमतीनंच म्हणाली. गमतीनंच मोडलं."

ओलेटाचं म्हणणं लहानपणापासून एकच होतं. गढीच्या चुलाण्याचे दगड टेकडीच्या माथ्यावर आहेत. त्या सात कबरी आहेत दोनशे पावलं खाली, झऱ्याजवळ, जिथं पूर्वी अळशीचं शेत होतं. "दार उघडं होतं, तर शत्रू आत शिरला असणार. शत्रू आत शिरला, तर माणसं आत मरायला हवीत. ही सात बाहेर कशी मेली?" दुसरीत असताना तिनं हा प्रश्न बाईंना विचारला आणि उत्तर म्हणून कोपऱ्यात उभी राहिली. बाई अर्थातच स्टॅलार्ड होत्या.

मग नोव्हेंबरात एक कोळशाचा ट्रक वळणावर घसरला आणि फलकाच्या खांबावर आदळला. फलकाचे तीन तुकडे झाले. ओलेटा त्या मंगळवारी नऊलाच आली. गाल लाल झालेले.

"देवाला ट्रक चालवता येतो, मिस कुमुद. मला वाटलं नव्हतं."

नवा फलक ओतायचा म्हणजे मजकूर काउंटीच्या इतिहास समितीकडून पुन्हा मंजूर करून घ्यायचा. मार्चमध्ये बैठक. त्या वेळी ओळ बदलली तर बदलली; एकदा लोखंडात गेली की पुढची शंभर वर्षं कुणी हात लावणार नाही. आणि ओलेटा शहात्तर वर्षांची होती. तिच्यामागं तिची दोन भाचरं, तीही दूर ओहायो राज्यात. तिथं त्यांना आडनावाबद्दल कुणी काही विचारत नव्हतं आणि त्यांनाही परत येऊन सांगायची हौस नव्हती. जे व्हायचं ते हिच्याच हातून.

समितीचा अध्यक्ष ड्वेन स्टॅलार्ड. त्याचं अंत्यविधीगृह आहे, गावातला प्रत्येक मेलेला माणूस शेवटी त्याच्या हाताखालून जातो. त्यामुळं त्याच्याशी कुणी उघड भांडत नाही. तो वाचनालयात आला, टोपी काढून, मधासारखं बोलत.

"मिस ओलेटा, तुमचं दुःख मला समजतं. पण समितीला भावना चालत नाहीत हो. कागद हवा. मूळ कागद, त्या काळचा."

"तुमच्या आजोबांनी ती ओळ लिहिली तेव्हा त्यांच्याकडं कोणता कागद होता?"

"त्यांना माहीत होतं."

"मलाही माहीत आहे."

"हो, पण तुम्ही कॅस्टील आहात," ड्वेन म्हणाला, आणि माझ्याकडं वळून, "चहा-कॉफी देत चला हो हिला, मिस कुमुद. एकटी असते बिचारी."

तो गेल्यावर ओलेटानं त्याच्या खुर्चीची बसायची जागा रुमालानं पुसली.

आता माझी चूक सांगते. इथल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या आणि सीमेवरच्या लढायांतल्या म्हाताऱ्या सैनिकांनी पुढं पन्नास वर्षांनी पेन्शनसाठी अर्ज केले होते. कोर्टात उभं राहून आपली हकिकत सांगायची, कारकुनानं ती उतरवून घ्यायची. आमच्या काउंटीतल्या अशा अर्जांची एक निळी पुस्तिका आहे. गावातल्या बायकांनी फार वर्षांपूर्वी टंकून काढलेली. कुणी आपल्या पूर्वजाचा शोध घ्यायला आलं की मी सगळ्यांत आधी तीच पुढं करायची. तीत स्टॅलार्ड चार होते. कॅस्टील एकही नव्हता. ओलेटानं ती पुस्तिका इतकी चाळली होती की तिची पाठ निखळली.

जानेवारीत मी ती पाठ चिकटवायला बसले, आणि डिंक वाळेपर्यंत काय करायचं म्हणून पहिल्या पानावरची प्रस्तावना वाचली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की यात फक्त मंजूर झालेले अर्ज घेतले आहेत.

इथल्या लोकांची ही जुनीच खोड. ज्याला सरकारनं मान दिला तो पूर्वज. नाकारलेला म्हातारा कुणाचाच नसतो, त्याला कुणी टंकत नाही. आणि मीही त्यांच्यातलीच होऊन बसले होते.

मी नाकारलेल्या अर्जांची फीत राजधानीहून मागवली. ओलेटाला काही बोलले नाही. निघालं नाही काही तर उगीच तोंड ऐकावं लागलं असतं. फीत फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आली. तिला यंत्रापुढं बसवून मी चक्र फिरवत गेले. क, कॅ, कॅरदर्स, कार्व्हर, कॅस्टील. अ‍ॅबसलम. वय चौऱ्याहत्तर.

कारकुनाचं अक्षर बारीक, पण स्वच्छ होतं. ओलेटानं चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागली. म्हातारा सांगत होता की त्या सकाळी कॅप्टननं त्याला बंदूक घेऊन अळशी उपटायला गेलेल्यांच्या राखणीला पाठवलं. शेताच्या कडेला शॉनी दिसले तसे सगळे गढीकडं पळाले. दार बंद होतं. आतून आगळ घातलेली. कॅप्टन स्टॅलार्ड भिंतीवरून खाली बघत होता. यानं हाक मारली, आईनं हाक मारली. कॅप्टन आतल्या माणसांना म्हणाला, उघडू नका. मग जे व्हायचं ते झालं. अ‍ॅबसलम मांडीत गोळी घेऊन ओढ्यात पडला, म्हणून वाचला. शेवटी त्यानं मेलेल्यांची नावं सांगितली होती, एकेक करून. आई केझाया. बायको टॅबिथा. बहिणी डॉर्कस आणि जेमायमा. भाऊ ओबेडाया. मुलगा सायलस, वय अकरा महिने. आणि कॅप्टन स्टॅलार्डचा गुलाम, नेड.

खाली शेरा. अर्ज नामंजूर, शेजाऱ्याची साक्ष जोडलेली नाही.

"शेजारी कोण होता?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा." तिनं खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. साक्षीदाराच्या जागी कारकुनानं लिहून ठेवलं होतं: मिकाजा स्टॅलार्डचे चिरंजीव, सही देण्यास नकार.

मला वाटलं ती रडेल. तिनं पडद्यावरच्या नावांवरून बोट फिरवत मोजलं.

"सातांतले सहा आमचे," ती म्हणाली. "आमच्याच मढ्यांवर दरवर्षी स्टॅलार्ड फुलं वाहतात, आणि त्यांच्या मरणाबद्दल शिव्या आम्ही खातो."

खरंच तसं होतं. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी इथं कबरी सजवायचा दिवस असतो. ज्याचे त्याचे वंशज जमतात, गवत काढतात, माती सारखी करतात, फुलं ठेवतात, आणि मग तिथंच लांब टेबलांवर जेवतात. त्या सात कबरींना नावाचे दगड नाहीत, नुसते नदीतले धोंडे. त्या दिवशी तिथं स्टॅलार्डांची पंगत बसायची. कॅस्टील त्या टेकडीवर चढत नसत. कुणी मनाई केली होती असं नाही. एकदा ओलेटाचा बाप गेला होता, तर त्याच्या हातात कुणी ताट दिलं नाही. उभा राहून राहून परत आला.

मार्चमध्ये गुरुवारी दुपारी कोर्टाच्या मोठ्या खोलीत बैठक झाली. ऐंशीएक माणसं होती. लग्नालासुद्धा एवढी जमत नाहीत. ओलेटा निळा रविवारचा झगा घालून आली होती. तिनं अर्ज वाचला, अक्षरन्‌अक्षर. नेडचं नाव वाचताना थांबली आणि म्हणाली, "स्टॅलार्डांच्या घरचा बाहेर राहिलेला एकच माणूस, तोही विकत घेतलेला."

मागून कुणीतरी म्हणालं, "बस कर की आता, म्हातारे!"

ड्वेननं हात वर करून त्याला गप्प केलं. फार सभ्यपणे.

"मिस ओलेटा, तुम्ही मेहनत घेतलीत. पण बघा, म्हाताऱ्याला पेन्शन हवं होतं. पेन्शनसाठी माणूस काय वाट्टेल ते सांगेल. खुद्द सरकारनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तर आम्ही कोण?"

"सरकारनं विश्वास ठेवला नाही कारण तुझ्या खापरपणज्यानं सही दिली नाही!"

"तीच गोष्ट झाली. शेजाऱ्यालाही पटलं नाही."

"दार उघडं होतं तर आत कुणी का मेलं नाही, ड्वेन? तुमचा कॅप्टन बावीस वर्षांनी पलंगावर मेला. गादीवर. तोंडात दात होते तेव्हाही."

खोलीत हशा झाला, पण तो तिच्या बाजूचा नव्हता. मी पुढच्या रांगेत होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की फीत खरी आहे. कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून उठले नाही. आजही देवापुढं दिवा लावताना ते आठवतं.

मतदान झालं. मजकूर परंपरेनं चालत आला तसाच ठेवावा, यासाठी पाचांपैकी चार हात वर गेले. पाचवे गृहस्थ त्या वेळी खिडकी लावायला उठले होते.

ओलेटानं कागद पर्समध्ये भरले आणि दाराकडं निघाली. ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा ड्वेन म्हणाला, "मिस ओलेटा, जाताना दार लावून घ्या हं. तेवढं विसरू नका."

सगळी खोली हसली. ऐंशी माणसं. ती वळली नाही. दार लावून घेतलं तिनं, अगदी हलक्या हातानं.

नंतरचे आठ मंगळवार ती आली नाही. मला तिची आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मेच्या तिसऱ्या रविवारी मी नेहमीसारखी टेकडीवर निघाले. दरवर्षी मी साखरभात नेते. त्याला सगळे पिवळा भात म्हणतात आणि मुलं काजू वेचून खातात. वर पोचले तर कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर तीसचाळीस स्टॅलार्ड हातात भांडी घेऊन उभे. हॅम, उकडलेली भरली अंडी, केळ्याचं पुडिंग. ऊन चढलेलं. आणि लोखंडी फाटकाला आतून साखळी, साखळीला हाताएवढं कुलूप. त्यावरून आडवा एक ओकचा वासा, दोन्ही खांबांना दोरानं बांधलेला.

आत ओलेटा. स्वयंपाकघरातला ॲप्रन, हातात फावडं. साती कबरी तिनं पहाटेपासून साफ केलेल्या दिसत होत्या. माती वर ओढलेली, धोंडे धुतलेले, प्रत्येकापुढं काचेच्या बरणीत रानातली आयरिसची फुलं. सगळ्यांत लहान कबरीपुढच्या, अकरा महिन्यांच्या सायलसच्या बरणीत एकच फूल, लहानसं.

"ओलेटा," ड्वेन म्हणाला. मिस गळून पडलं होतं. "फाटक उघड."

"दोनशे चाळीस वर्षं विचारताय ना, आगळ घातलीस का?" ती फावड्यावर रेलली. "घेतलं बाबा ऐकून. घातली."

"ही आमची जागा आहे."

"जागा तुमची. हाडं आमची. ज्याला आत यायचं त्यानं ही नावं वाचायची, मोठ्यानं, साती. आडनावासकट." तिनं एक कागद फाटकाच्या गजात खोचला. "वाचलं की उघडते."

"मी पोलीस बोलावीन."

"बोलाव. त्यालाही वाचायला लावते."

कुणी शिवी घातली, कुणी फाटक हलवलं. एका तरण्यानं वाशाला लाथ मारली आणि लंगडत मागं आला. ओलेटा एकदाही ओरडली नाही. तिनं फावडं नुसतं दुसऱ्या हातात घेतलं. शेवटी गर्दीतून ड्वेनची आत्या पुढं आली. मोझेल, वय ब्याण्णव, दोन्ही हातांत काठ्या. शाळेत ओलेटाला कोपऱ्यात उभी करणाऱ्या बाई त्या ह्याच.

"आत्या, तू मागं हो," ड्वेन म्हणाला.

"मला बसायचंय. बाकं आत आहेत. दे तो कागद."

"आत्या!"

"तू काय मला खांद्यावर घेणार आहेस, गाढवा? तुझ्याकडं मी एकदाच येणार आहे, तेव्हा काय ते उचल."

तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी वाचू लागली. केझाया कॅस्टील. टॅबिथा कॅस्टील. डॉर्कस कॅस्टील. जेमायमा कॅस्टील. ओबेडाया कॅस्टील. सायलस कॅस्टील. मग थांबली.

"नेडला आडनाव लिहिलेलं नाही."

"तुमच्या माणसांनी दिलंच नव्हतं," ओलेटा म्हणाली.

म्हातारीनं ओठ आवळले. "नेड," ती म्हणाली, "स्टॅलार्डांच्या दारातला." आणि कागद परत गजात खोचला.

आपल्याकडं पितरांना पाणी सोडताना नाव घ्यावं लागतं. नाव माहीत नसलं तर पाणी कुणापर्यंत जाणार, असं आमचे भटजीकाका विचारायचे. त्या सातांना इतकी वर्षं फुलं मिळत होती, पण ती पोचत नव्हती, असं मला त्या क्षणी वाटलं. मी मनात हात जोडले.

ओलेटानं वासा सोडला, कुलूप काढलं, एक माणूस शिरेल एवढंच फाटक उघडलं. मोझेलबाई काठ्या टेकत आत गेल्या. फाटक पुन्हा बंद. साखळी. वासा.

"आणि तुम्ही काय बघताय, मिस कुमुद?" ओलेटा मला म्हणाली. "कागद तुम्ही शोधलात म्हणून फुकट नाही सोडणार. वाचा."

मी भाताचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि वाचलं. माझ्या पाठीवर तीसचाळीस जणांचे डोळे टोचत होते. ज्यांच्या पोरांना मी गोष्टीची पुस्तकं दिली, तीच माणसं. त्यांतली काही पुढं वर्षभर माझ्याशी बोलली नाहीत. दोन घरं अजून बोलत नाहीत.

नवा फलक जूनमध्ये उभा राहिला. ओळ तशीच आहे, अक्षरं जास्त चकचकीत आहेत.

पण मेमधल्या त्या रविवारी स्टॅलार्ड रस्त्याकडेला गाड्यांची मागची फळी पाडून, उन्हात उभे राहून जेवले. आत झाडाखाली आम्ही तिघी. मोझेलबाईंनी भात तीनदा घेतला आणि म्हणाल्या, "ड्वेननं मधात भाजलेला हॅम आणलाय. बाहेरच राहिला."

"हॅमचं काही भांडण नाही," ओलेटा म्हणाली. "आणणाऱ्यानं नावं वाचावीत."

"तो मेला तरी वाचायचा नाही."

"मग मेल्यावर ठरवू."

"उद्या येऊन कुलूप तोडेल तो, पोरी."

ओलेटानं सायलसच्या बरणीतलं फूल सरळ केलं. "तोडू दे. पुढच्या वर्षी दुसरं आणीन."